वाहता लिंब

राहू, ता. २ फेब्रुवारी १९५८

अमीरबी,

हे पत्र चुलीत घालायच्या आधी एवढं एकच ऐक. आपल्या मळ्यातला कडुलिंब वाहायला लागलाय.

इनुस, बाबा, तू वाचतोयस हे ठाऊक हाय मला. तुझ्या आईला कुठं अक्षर येतं! कपाळाला आठी पडली आसंल, पडू दे. पण तिला मोठ्यानं वाचून दाखव, आन् मधलं गाळू नको. सात वर्षांत मी तीन पत्रं धाडली, तुमच्याकडनं एक रेघ आली न्हाई. शिरूरच्या डेपोत तू एस्ट्यांची इंजनं दुरुस्त करतोस म्हणं. चांगलं हाय. मग चार ओळी खरडायला हाताला काय झालंय? बरं, ते ऱ्हाऊ दे. भांडायला बसले न्हाई मी.

परवा सकाळी विहिरीवर गेले, तर वाटलं कुणीतरी आधण ठेवलंय. बुडबुड, बुडबुड. हिकडं बघते, तिकडं बघते, रानात चूल कुठली! शेवटी लिंबाच्या खोडाला कान लावला. अमीरबी, आवाज आतनं येत होता. खोडाला दोन फांद्या फुटतात ना, जिथं बसून तू लिंबोळ्या पाडायचीस, त्या बेचक्यातनं पांढरा फेस येत होता, ताज्या दुधावर येतो तसा. आन् फेसाखालनं पाणी. थेंब थेंब न्हाई, करंगळीएवढी धार. सालीवरनं खाली, मुळापाशी डबकं साचलेलं. मुंग्यांची रांग पार बांधापर्यंत. मधमाशा तर इतक्या, की झाडच गुणगुणतंय आसं वाटावं.

मी बोट बुडवलं आन् जिभेवर ठेवलं. गोड.

व्हय, गोड! उभा जन्म आपण त्या झाडाचा पाला चावला, साल उकळली, तेल गाळलं, काटकीनं दात घासले. कडूपणाशिवाय त्यानं कवा काही दाखवलंय? आन् पोटात हे घेऊन उभा होता. ताडीसारखा वास, उसाच्या रसात पाणी घातल्यासारखी चव, मागनं जराशी कडवट. तिथंच चिखलात बसले. पन्नाशी उलटली माझी, देवळात कवा डोळे भरून आले न्हाईत, तिथं आले.

घरात सांगू कुणाला? नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पोटी लेकरू न्हाई. थोरल्या दिरांच्या, आनंदराव भाऊजींच्या पडवीत एकटी पडून असते. त्यांना सांगितलं तर म्हणले, "फांदी किडली आसंल, तोडून टाकू." उंटावरचे शहाणे! त्या झाडाला तुझ्याइतकं ओळखणारं ह्या गावात कुणी न्हाई. म्हणून लिहिलं. एकदा येऊन बघ. मग पुन्हा माझं तोंड बघू नको, चालंल.

गिता


राहू, ता. १२ फेब्रुवारी १९५८

अमीरबी,

उत्तर न्हाई. बरं. मीबी कमी हट्टी न्हाई.

पाझर थांबला न्हाई, वाढलाय. बेचक्याखाली मडकं बांधलंय, दिवसाला घागरभर जमतं. आधी आपल्या आळीतल्या बाया आल्या, मग भांडगावात बातमी गेली, आन् भांडगाव पडलं सोलापूरच्या सडकेवर, तिथं ट्रकवाल्यांनी ऐकलं. आता बघायला नको. बैलगाड्या सोडायला जागा न्हाई. दौंडचे रेल्वेतले लोक बाटल्या घेऊन येतात. खोडाला हळदकुंकू लागलंय, हिरवं लुगडं नेसवलंय. फांदी तोडा म्हणणारे भाऊजी आता सोवळं नेसून सकाळी आरती करतात. सोसायटीचे चेअरमन हायत, गर्दी दिसली की त्यांच्या अंगात उत्साह येतो. करून करून भागले आन् देवपूजेला लागले. आन् मला लोक लिंबाई म्हणाया लागलेत. पाया पडतात माझ्या! तू इथं असतीस तर पोट धरून हसली असतीस.

पण अमीरबी, हसण्यावारी न्यायचं न्हाई हे. भांडगावचा सावळाराम आला होता, आंधळा म्हातारा. त्याला काही नको होतं, ना अंगाला लावायला, ना प्यायला. खोडाला कान लावून किती तरी वेळ उभा ऱ्हायला. लोक मागनं ढकलत होते तरी हलंना. मग मला म्हणला, "बाई, ह्याच्या आत विहीर हाय." मी रोज ऐकते तो आवाज, पण त्यानं म्हणल्यावर मीबी पुन्हा कान लावला. कुठल्या खोलीवरनं ते पाणी वर चढत आसंल? आन् आताच का? सत्तर वर्षं झाड उभं हाय, माझ्या सासऱ्यांनी लावलेलं.

ज्याला खरूज-नायटा हाय त्याला वरनं लावायला देते, पाल्याच्या पाण्यानं धुऊन. मोठ्या माणसानं मागितलं तर घोटभर प्यायला. कुणाला बरं वाटतं, कुणाला जुलाब होतात. खोटं कशाला सांगू! पण प्रत्येक जण जाताना झाडाकडं वळून बघतो. तेच मला बघत बसावंसं वाटतं.

तुझी आई, हुसेनबी मावशी, मला रोज आठवती. मी नवी नवरी होऊन आले तवा मला काय येत होतं? तिनं आपल्या दोघींना संगट शिकवलं. साल काढायची ती उगवतीच्या अंगाची, आन् काढली की जागेवर शेणमाती लिंपायची, झाडाला जखम उघडी ठेवायची न्हाई. हिवतापाला सालीचा काढा. बाळंतिणीला पाल्याची आंघोळ आन् शेक. बैलाच्या खांद्यात किडे पडले की तेल. कणगीत पाला, म्हंजी जोंधळ्याला टोका लागत न्हाई. मला वाटायचं, ह्या एका झाडापुढं समदे डॉक्टर झक मारतात.

तुला तसं कवा वाटलं न्हाई. देवीच्या सालात आपण रखमाजीच्या घरी सतरा दिवस बसलो, आठवतंय? घरात फोडणी बंद, दाराला डहाळ्या, पोरांखाली पाला अंथरलेला. त्याच्या सोजराला अंगभर फोड, खाजवायला हात उचलायची, आन् तू लिंबाची कवळी डहाळी घेऊन तिच्या डोक्यापासनं पायापर्यंत फिरवायचीस, सारखी, न थांबता. मी म्हणलं, लिंबानं देवी पळंल. तू म्हणलीस, "गिता, देवी तिच्या वेळंला जाती. लिंब नुसता संगट बसतो." मला राग आला होता तुझा. पोरगी जगली, खपल्या पडल्या, पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली, तरी मी रागातच होते. आता तिची दोन पोरं परवा झाडाखाली नाचून गेली.

ते जाऊ दे. जे बोलायचं ते तसंच ऱ्हातंय. त्या दिवशी चावडीम्होरं लोकांनी तुला नको ते बोललं. म्हाळसाच्या लेकराला तूच लिंबोळीचं तेल पाजलंस, तूच मारलंस म्हणले, आन् सुईण असून असं केलंस म्हणून तुझं बिऱ्हाड उठवलं. मी मूग गिळून गप बसले. तेवढं तरी मी कबूल करते.

भाऊजींची ती थोरली सून म्हाळसा आता पुन्हा दिवसात हाय. सात वर्षांनी.

गिता


राहू, ता. २६ फेब्रुवारी १९५८

अमीरबी,

म्हाळसा सुटली. मुलगी झाली, चांगली टपोरी. सरकारी नर्सबाई आल्या होत्या, हात धुऊन, साबण लावून, समदं टापटीप. नाळ बघितली, तू बांधायचीस तशीच बांधलीय. मी लांबनंच बघितलं. म्हाळसाला पहिलं लेकरू झालं तवा मी तिच्या बाजेपासनं हलले न्हवते, आता खोलीत पाय टाकवंना.

आन् हिकडं एक भलतंच सुरू झालंय. बाया तान्ही लेकरं आणायला लागल्यात. एक महिन्याचं, दहा दिवसांचं, एकीनं तर चौथ्या दिवसाचं आणलं. तीर्थ पाजा म्हणतात. ज्यांची लेकरं जगत न्हाईत त्या तर पदर पसरतात. मी न्हाई म्हणलं तर विचारतात, "का? अमृत हाय ना?"

का! आता ह्याला काय उत्तर देऊ? ते पाणी काय हाय मला ठाऊक न्हाई. तेल न्हाई, साल न्हाई, काढा न्हाई. वर त्याला दुपारपर्यंत ताडीसारखं आंबट यायला लागतं. दहा दिवसांच्या पोटात ते गेलं तर काय होईल, हे सांगणारं कुणी न्हाई. पण लोकांना "ठाऊक न्हाई" चालत न्हाई. लिंबाईला समदं ठाऊक असतं.

म्हणून मी एक लबाडी केली. ऐक आन् मग शिव्या घाल. मंगळवारच्या आरतीला मी केस सोडले, घुमले, आन् म्हणलं, देवीची आज्ञा हाय, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला हे पाजायचं न्हाई. चार दिवस एकबी लेकरू आलं न्हाई. मी खूश, म्हणलं झालं काम.

पाचव्या दिवशी राहूच्याच सोपानरावाची बायको आली, हातात खण-नारळ. म्हणली, देवी कोपली आसंल तर तिला खण घ्या, नारळ घ्या, कोंबडं पायजे तर कोंबडं, पण माझ्या लेकरापुरती सूट मागा. मग दुसरी आली. मग तिसरी. खोडाला तांदूळ चिकटवून कौल लावायला लागल्या, उजवा पडला की पाजायचं. अगं, देवीला नवस बोलता येतो, तिची समजूत काढता येती, हे मला का सुचलं न्हाई? जन्मभर मीच तर तेच करत आले! काल एकीनं माझी पाठ वळली तवा लेकराच्या तोंडात बोट घातलंच. सुदैवानं काही झालं न्हाई. पण हे सुदैव किती दिवस पुरणार?

आन् ह्यावर कहर म्हणून भाऊजींनी ठरवलंय: पाडव्याला समद्या गावाम्होरं म्हाळसाच्या मुलीला पहिलं तीर्थ माझ्या हातनं पाजायचं. देवीचा कौल त्यांनीच लावला, त्यांचाच उजवा पडला. म्हाळसा पडवीत येऊन माझे पाय धरून म्हणली, "धाकल्या आत्याबाई, तुमच्या हातनंच पायजे. त्या बाईनं माझं घालवलं, देवी तुमच्या हातनं परत देतीया."

माझ्या हातनं, अमीरबी.

गिता


राहू, ता. ७ मार्च १९५८

इनुस,

हे पत्र आधी तुला. ह्याच्या फुडचं वाचताना तुझा आवाज बदलंल. थांबू नको. शेवटपर्यंत वाच, मग पायजे ते कर. सतरा वर्षांचा होतास तू, डोक्यावर ट्रंक घेऊन आईच्या मागनं निघालास. माझ्या दारावरनंच गेलास. मी दाराआड उभी होते.

अमीरबी, तेल मी पाजलं.

वीस दिवसांचं लेकरू होतं. नाक वाजत होतं, पोट टम्म फुगलेलं. तू म्हाळसाच्या अंगाला तेल चोळून नुकतीच घरी गेली होतीस, ती न्हाणीत होती. तुझं तेलाचं बोळकं तिथंच बाजेपाशी ऱ्हायलं होतं. तू शंभरदा सांगितलं होतंस, हे तेल चामडीचं, पोटाचं न्हाई, लहान लेकराच्या तर न्हाईच न्हाई. तुझ्या आईनंबी सांगितलं होतं. पण मला तर लिंबाचा गर्व चढला होता ना! मोठ्या माणसाच्या पोटातले जंत ज्यानं पडतात त्यानं लेकराचं पोट का उतरू नये, म्हणलं. लेकराला पाजायच्या शिंपीत घेतलं, वाटीत काढून ठेवलेल्या आईच्या दुधाचे चार थेंब टाकले, आन् पाजलं. एक शिंपी. त्यानं तोंड वाकडं केलं तर मी हसले. म्हणलं, "कडू खा, नातवा, कडूनं माणूस पक्का होतो."

घटकाभरानं ओकला. मग पेंगला. मग आकडी आली. दिवस कलायच्या आत गेला.

तेलानंच गेला का, हे मी सात वर्षं स्वतःला विचारते. आधीच आजारी होता, असंबी म्हणून बघते. पण चोराच्या मनात चांदणं, अमीरबी. जे माणूस खरंच निर्दोष असतं ते इतक्यांदा विचारत न्हाई.

म्हाळसाची सासू आली, म्हणली, वास येतोय तेलाचा. समद्यांना आला. आन् बघतात तर तुझ्या पदराला वास. तू सांगावा ऐकून धावत आली होतीस, लेकरू मांडीवर घेऊन बसली होतीस. मला वाटलं, अंगाला चोळताना पदराला लागलं आसंल. मला बरं वाटलं. हेबी लिहिते: तुझ्या पदराला वास आला म्हणून मला बरं वाटलं.

चावडीवर तू म्हणलीस, "मी पाजलं न्हाई." एवढंच. कुणी पाजलं हे सांगितलं न्हाईस, ठाऊक असायला तू होतीस कुठं? मी तोंड उघडलं असतं तर तू आज इथं असतीस, आन् इनुस शाळा पुरी करून मास्तर झाला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी बसले.

आता पाडवा चौदा दिवसांवर आलाय. त्या मुलीला पाजू नका म्हणायचं तर लोक विचारणार, तुला काय ठाऊक? आन् मला ठाऊक हाय ते कसं, हे सांगावं लागणार. दुसरा रस्ता मला दिसत न्हाई. तुला दिसत आसंल तर कळव. न्हाई कळवलंस तरी मी समजून घेईन.

गिता


राहू, ता. १४ मार्च १९५८

अमीरबी,

इनुसचं पत्र आलं. पाचच ओळी, पण तीन दिवस मी ते कमरेला खोचून फिरतीया. पुन्हा पुन्हा काढून बघते, की मी वाचलं ते खरंच तिथं लिहिलंय का.

"आई म्हणते, मला तेव्हाच ठाऊक होतं. लेकरू मांडीवर घेतलं तेव्हा वास त्याच्या ओठाला होता, तो मी पदरानं पुसला. बोळकं हललं होतं. तुझ्याशिवाय त्या खोलीत कुणी नव्हतं. तू कुठं गेली असतीस? मला इनुस होता. आता त्या मुलीला पाजू देऊ नकोस. आणि जीव देऊ नकोस."

खाली इनुसनं स्वतःचं एक वाक्य घातलंय: "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

बरोबर हाय त्याचं. त्याला सांग, मी ते वाचलं आन् बरोबर हाय म्हणलं.

पण तू! अगं, तू मला काय केलंस हे! सात वर्षं मी समजत होते, तुझा पदर चुकून घाण झाला. तू तो मुद्दाम केलास. ज्या लेकरासाठी माझ्यावर चिडायला पायजे होतंस त्याचं तोंड तू मला वाचवायला पुसलंस. चावडीवर इतके लोक शिव्या देत होते आन् तू एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं न्हाईस. मला वाटायचं, तिरस्कारानं बघत न्हाई. तू बघितलं असतंस तर माझा चेहराच बोलला असता, म्हणून न्हाई बघितलंस. व्हय ना?

आज सकाळी झाडाखाली गेले. दीड महिना झाला, मी त्या पाझरापुढं हात जोडत होते. आज जोडले, तर मला तूच दिसलीस. इतकं कडू माझ्यामुळं तुझ्या वाट्याला आलं, आन् आत काय घेऊन तू शिरूरला जाऊन बसलीस! मला त्याची खोली कळत न्हाई. झाडाची न्हाई कळली तशीच तुझी.

माझ्या अंगात धीर न्हाई. पण तू सांगितलंयस, पाजू देऊ नको. ते करीन.

गिता


राहू, पाडवा, ता. २१ मार्च १९५८

अमीरबी,

झालं. जसं झालं तसं सांगते, वर न्हाई, खाली न्हाई.

सकाळी गुढ्या उभारल्या, लिंबाचा कवळा पाला, गूळ, ओवा वाटून समद्यांच्या हातावर ठेवला. मग मळ्यात गेलो. आख्खं गाव, वर भांडगावची माणसं. बाजा लावला होता. भाऊजींनी मला पाटावर बसवलं, म्हाळसानं मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, हातात चांदीची शिंपी दिली, भरलेली. मुलगी जागी होती. माझ्याकडं बघत तोंड उघडत होती, भूक लागली होती तिला.

मी शिंपी जमिनीवर ओतली. म्हणलं, "हिला पाजायचं न्हाई. कुणाच्याच तान्ह्या लेकराला पाजायचं न्हाई. तुझ्या पहिल्याला तेल पाजलं ते ह्या हातानं. अमीरबीनं न्हाई. मी."

आन् काय झालं ठाऊक हाय? भाऊजी ओरडले, देवी आली, गिताच्या अंगात देवी आली! बाजा जोरात सुरू झाला. बाया लोटांगण घालायला लागल्या. माझ्या पायावर डोकी, कुंकू, नारळ. मी ओरडते, मी गिताच हाय, देवी न्हाई, आन् तेवढा बाजा मोठा होतोय. मीच केस सोडून त्यांना शिकवलं होतं ना, देवी कशी बोलती ते! माझीच लबाडी माझ्या गळ्यात. खाई त्याला खवखवे.

म्हाळसा एकटी वाकली न्हाई. ती माझ्याकडं बघत उभी होती. मी तिला म्हणलं, "तू न्हाणीत होतीस. भिंतीपलीकडनं विचारलंस, आत्याबाई, रडायचा का थांबला? मी म्हणलं, झोपला. तू म्हणलीस, बरं झालं, दोन दिवस झोपला न्हवता."

तिचा चेहरा मी बघितला. ते दोघींशिवाय कुणाला ठाऊक न्हवतं. तिनं हात वर केला आन् बाजा थांबला. मग तिनं मुलगी माझ्या मांडीवरनं उचलली. मला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. भाऊजी काहीतरी बोलायला लागले, त्यांच्याकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाई. मला विचारलं, "अमीरबी कुठं ऱ्हाती?"

मी म्हणलं, शिरूरला, एस.टी. डेपोमागं, लेकापाशी.

ती निघून गेली. तिच्या मागनं बाया आपापली लेकरं घेऊन गेल्या. एकीनं जाताना लेकराचं तोंड पदरानं पुसलं, ते मी बघितलं. काही माणसं थांबली, बाटल्या भरून घेऊन गेली. पाझर चालूच हाय, मडकं भरून सांडतंय. मी दुपारपर्यंत एकटी बसले तिथं.

तिसऱ्या प्रहरी मारुतराव आला, म्हाळसाचा नवरा. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणला, ती उद्या शिरूरला निघालीय, मुलीला घेऊन. तुम्ही तिथं तसं पत्रानं कळवा. आन् तिनं सांगितलंय, तुम्ही येऊ नका. आन् गेला.

हे पत्र मी भांडगावच्या ट्रकवाल्याच्या हाती देतीया, टपालानं वेळेत पोचणार न्हाई. उद्या दुपारच्या एस्टीनं ती उतरंल. इनुसला स्टँडवर धाड. लेकरू पाच आठवड्याचं हाय, ऊन लागू देऊ नका. ह्या साली पाडवा आन् तुमचे रोजे मागंपुढंच आलेत. तुझा पहिला रोजा आसंल, तरी तिला चहा टाक, प्रवासानं थकलेली आसंल. तिला तुझ्याजवळ रडायचं आसंल तर रडू दे, भांडायचं आसंल तर भांडू दे. लेकरू तुझ्या मांडीवर देईल. मला वाटतं देईल.

आन् एक मागणं हाय. तुझ्याकडं काही मागायचं तोंड न्हाई मला, तरी मागते. मी पाजलं हे तुला तवाच ठाऊक होतं, हे तिला सांगू नको. ओठ पुसल्याचं सांगू नको. तुला त्याच दिवशी कळलं असं तिला वाटू दे, ज्या दिवशी माझं पत्र आलं. न्हाईतर तिचा राग दोन जागी वाटला जाईल, आन् तुझ्या वाट्याला आता आणखी काही येऊ नये. इनुस, तूबी बोलू नको.

समदा राग माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तो माझा हाय.

गिता